उसना साचा

शकूताई वानखेडे थापा मारत नसत असं मी म्हणणार नाही. फायबरचं काम कुठं शिकलात, असं कोणी विचारलं की दर वेळी नवं उत्तर येई. बँकेच्या साहेबाला सांगितलं, नागपूरच्या कारखान्यात. नेहरू नगरच्या एका गिऱ्हाईक बाईंना सांगितलं, आमच्या ह्यांनी शिकवलं. मला एकदा म्हणाल्या, "चरोद्याले रेल्वे क्वार्टरात आमच्या बाजूले एक मद्रासी राहे. मोटारसायकलीचे फुटके मडगार्ड जोडे तो. त्याच्या दारात बसून बसून पाह्यलं मी." ह्यातलं खरं कोणतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिन्हीत थोडं थोडं खरं असावं.

पण ह्या थापा कामाच्या बाहेरच्या. कामात त्यांना खोट खपत नसे.

भिलाईत खुर्सीपारच्या पुढे कारखान्यांच्या वसाहतीत त्यांचं पत्र्याचं शेड होतं. मी तिथं खरेदी आणि डिलिव्हरी पाहत असे. कूलरच्या बॉडी, रसायनांच्या टाक्या, शाळांच्या घसरगुंड्या, असं काय काय आम्ही फायबरमध्ये करत होतो. ताई साडीवर नवऱ्याचा जुना, स्टील प्लांटमधून मिळालेला पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट घालत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला नोकरीत होता. शर्टाच्या कोपराला ठिगळं होती आणि खिशात कायम सुपारीचा डबा. काचेचे बारीक धागे अंगात रुततात, खाज सुटते, नवा माणूस गरम पाण्यानं अंघोळ करायला निघाला की ताई ओरडत, "थंड्या पान्यानं कर बाप्पा! गरम पान्यानं अजून आत जाते ते."

ह्या कामात वस्तू सगळ्यात शेवटी येते. आधी पॅटर्न. प्लायवूडचा सांगाडा, त्यात फोम, वरून पुट्टी, आणि मग घासणं, घासणं, घासणं. असं करून हव्या त्या वस्तूचं मूळ रूप उभं करायचं. त्याला मेण चढवून वर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, आणि काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर द्यायचे. ते कडक झाले की उचलून वेगळे करायचे, तो साचा. त्या साच्यात पुन्हा तसेच थर दिले की वस्तू तयार. साचा काही दिवसांत होतो. पॅटर्नला महिने जातात, कारण डोकं सगळं पॅटर्नमध्ये असतं. आणि म्हणूनच ह्या धंद्यात चोरी फार सोपी आहे. दुसऱ्याची तयार वस्तू आणा, तिलाच मेण लावा, तिच्यावरूनच साचा काढा. महिने वाचले, डोकंही वाचलं.

ताईंना ह्या चोरीची भयंकर चीड.

एकदा स्टेज डेकोरेशनवाला एक माणूस टेम्पोत फायबरचा हत्ती घालून आला. कॅम्प-1 मध्ये त्याचं दुकान होतं. आमचं जुनं गिऱ्हाईक, लग्नाच्या स्टेजचे घोडे आमच्याकडूनच नेई. म्हणाला, "दीदी, इसका सांचा निकाल दो. सीज़न आ रहा है, हाथी बहुत चल रहे हैं."

ताई हत्तीभोवती फिरल्या. सोंडेवरून हात फिरवला. काम चांगलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"किसने बनाया?"

"होगा कोई रायपुर का."

"तो उसके पास जाओ."

"अरे दीदी, हाथी तो हाथी होता है. उसमें किसी का क्या?"

ताईंनी मागं वळून हाक मारली, "बिसाहू, गेट खोल. हाथी वापस जाएगा." बिसाहू आमचा सगळ्यात जुना कारागीर, सिमगा गावाकडचा. त्यानं हसू दाबत गेट उघडलं. टेम्पो गेल्यावर ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुसऱ्याचं लेकरू उचलून आनाचं, न्हाऊमाखू घालाचं, अन् माझंच म्हनून गावात मिरवाचं. लाज कशी नाई वाटत रे लोकायले?"

ही गोष्ट वसाहतभर पसरली. वेल्डिंगवाले, लेथवाले ताईंना 'हाथी लौटानेवाली' म्हणू लागले. ताईंना ते आवडलं होतं. कोणी तसं म्हटलं की त्या पदर सावरून थोडं ताठ चालत.

हे ताठ चालणं मला अजून दिसतं. पुढं जे झालं त्याचं मूळ बहुधा त्यातच होतं.

बालोदच्या बाजूला एका जलाशयाच्या काठी सोनीजी नावाच्या माणसानं रिसॉर्ट काढलं होतं. त्याला पाण्यावरची स्कूटर हवी होती. बाजारातल्या स्कूटर जड, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात रुतत. त्याला एका माणसाला बसता येईल अशी हलकी स्कूटर पाहिजे होती, जी दोघांना उचलून काठावर ठेवता येईल. इंजिन त्याच्याकडे जुन्या मशीनचं होतं. फक्त नाव हवी होती, म्हणजे खालचं अंग. दोन-तीन ठिकाणांहून तो नकार घेऊन आला होता.

"बना लेंगी, दीदी?"

ताई जन्मात बोटीत बसल्या नव्हत्या. पण आनंदाच्या भरात हिंदी विसरून म्हणाल्या, "कावून नाई बननार?"

त्यानंतरचे महिने आमच्या शेडच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते असं मी म्हणेन. ताई भल्या पहाटे येत. आमच्याकडचा उन्हाळा असा, की दहा वाजल्यानंतर डब्यातच रेझिन गोठू लागतं, म्हणून थर द्यायचं काम उजाडतानाच. शेडमागच्या सिमेंटच्या टाकीत त्या छोटे छोटे नमुने दोरीनं ओढून बघत. वजन कमी करायला जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर त्यांनी हवा ओढायची मशीन केली. ओल्या थरांवर प्लास्टिक चिकटवायचं, कॉम्प्रेसर लावायचा, प्लास्टिक आत ओढलं जाऊन थरांतलं जास्तीचं रेझिन बाहेर येई. ती घरघर सुरू झाली की आम्ही सगळे भोवती उभे राहून बघत असू, जणू कोणाचं ऑपरेशन चाललंय.

पॅटर्न सुंदर झाला होता. पाठीमागं निमुळता होत वर उचललेला, अगदी रोहू माशासारखा. ताई पॅटर्नवर ट्यूबलाइट धरत आणि तिचं प्रतिबिंब बघत. रेघ कुठं थरथरली की तिथं उंचवटा. मग डोळे मिटून तळवा फिरवत आणि म्हणत, "इथं. इथं मरून राहिलं हे." पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. स्थानिक पेपरचा एक बातमीदार येऊन त्यांचा पॅटर्नसोबत फोटो काढून गेला. बातमी मोठी आली: भिलाईची महिला बनवणार पाण्यावरची स्कूटर. ताईंनी ती फ्रेम करून ऑफिसात लावली. चरोद्याच्या जुन्या शेजारणी, कारखान्यातल्या साहेबांच्या बायका, कोणी कोणी बघायला आल्या. ताई सगळ्यांना हात धरून पॅटर्नजवळ नेत आणि त्यावरून हात फिरवायला लावत.

पहिली नाव आम्ही जलाशयावर नेली. रिसॉर्टचा एक पोहणारा तरुण तीवर बसला. हळू होती तोवर ठीक. वेग घेतला मात्र, नाकाड वर उचललं, आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पोराची जीभ चावली गेली, तोंडातून रक्त आलं. सोनीजी काठावर हसत सुटला, "मेंढक बना दिया, दीदी!"

परत येताना ताई ड्रायव्हरजवळ बसल्या नाहीत. मागं टेम्पोत, नावेशेजारी बसून आल्या.

त्यांनी तळ बदलला. पुन्हा नवा साचा, पुन्हा नवी नाव, पुन्हा तेच आपटणं. आणखी एकदा केलं, थोडं कमी झालं, गेलं नाही. इकडे सोनीजीनं उद्घाटन ठरवलं. मोठा पाहुणा येणार, मंडप पडणार. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं: मला जमत नाही. मी एक दिवस म्हटलंही, "ताई, सांगून टाका न त्याले. नाई जमत एखादं काम. कोन काय म्हनते?"

त्या घासता घासता थांबल्या. "तू सांगशील? त्या पेपरवाल्याले तू सांगशील? अन् ह्या बायायले, ज्याईचे हात धरधरून मी दाखवलं?" मग खाली बघून पुन्हा घासू लागल्या.

त्याच आठवड्यात सोनीजी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक नाव घेऊन आला. नागपूरकडचे कोणी निवृत्त इंजिनिअर, त्यांनी स्वतःच्या डोक्यानं अशीच हलकी नाव बनवून एका मित्राला त्याच्या शेततळ्यासाठी दिली होती. सोनीजीनं त्या मित्राकडून बघायला म्हणून मागून आणली होती. "बस देख लो, दीदी. मक्खन जैसी चलती है."

ताईंनी ताडपत्री बाजूला केली. दिसायला साधी नाव, जरा ओबडधोबडच. ताई बराच वेळ तिच्या तळावरून तळवा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवून जा. पाहून घेतो."

रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळी मी शेडमध्ये शिरलो तर मेणाचा वास. ती नाव उलटी ठेवलेली, चकचकीत मेण लावलेली, आणि तिच्यावर साच्याचा पहिला थर चढलासुद्धा होता. ताई रोलर फिरवत होत्या. बिसाहू मान खाली घालून रेझिन कालवत होता. मी दारात उभा राहिलो. ताईंनी वर पाहिलं नाही.

"पाहून काय राहिला? मॅट फाड."

मी मॅट फाडून देऊ लागलो. त्या दिवशी शेडमध्ये रेडिओ लागला नाही. दुपारी कोणी डबे एकत्र उघडले नाहीत.

साचा सुटायचा क्षण आमच्याकडे सणासारखा असे. लाकडी पाचरी ठोकायच्या, फटीत पाणी ओतायचं, आणि 'फट्' असा आवाज होऊन साचा मोकळा झाला की ताई नारळ फोडत. ह्या वेळी पाचरी ठोकायला लागलो तशा त्या उठून बाहेर रस्त्यावर गेल्या. साचा सुटल्याचं सांगायला बिसाहू गेला. आत आल्या त्या सरळ पुट्टीचा डबा घेऊन. साच्यात नाकाशी थोडी भर घातली, म्हणजे नव्या नावेचं नाक वेगळं दिसेल, आणि दोन्ही कडांना पट्ट्या वाढवल्या. बिसाहू माझ्या कानाशी म्हणाला, "दीदी ह चिन्हा लुकावत हे." ताई खूण लपवताहेत.

उद्घाटनाला नाव पाण्यावरून सुरीसारखी गेली. टाळ्या, भाषण, शाल, श्रीफळ. पाहुणे म्हणाले, छत्तीसगढ की बेटी. तोच बातमीदार पुढं आला, "दीदी, ये डिज़ाइन कैसे सूझा?"

ताईंचे दोन्ही हात शालीच्या आत होते. "अंदाज से," त्या म्हणाल्या. आणि त्या गर्दीत त्यांची नजर नेमकी बिसाहूवर आणि माझ्यावर पडली. असा चेहरा मी कोणाचा पाहिलेला नाही. जत्रेत लुगडं सुटावं आणि हात दोन्ही अडकलेले असावेत, तसा.

नवा फोटो छापून आला तो त्यांनी लावला नाही. जुनी फ्रेमही एक दिवस भिंतीवरून गेली होती. कोणी 'हाथी लौटानेवाली' म्हटलं की त्या ऐकू न आल्यासारखं करत. आणि गंमत म्हणजे, काम कुठं शिकलात ह्या प्रश्नाला उत्तर देणंच त्यांनी बंद केलं. सोनीजीनं आणखी नावांची ऑर्डर दिली होती. त्या साच्यातून नावा निघत होत्या. ताई त्यांना हात लावत नसत, सगळं बिसाहूवर सोडून कूलरच्या बॉडी घासत बसत.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी गेटाशी रिक्षा थांबली. सत्तरी ओलांडलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले. डोक्याला कानटोपी, हातात संत्रा बर्फीचा डबा.

"वानखेडे बाई इथंच का? मी हरदास. नागपूरहून आलो."

ताई हात पुसत पुढं आल्या. नाव त्यांना माहीत नसावं. सोनीजीनं त्या इंजिनिअरचं नाव कधी सांगितलंच नव्हतं, आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

"मोबाइलवर तुमच्या नावेचा व्हिडिओ पाहिला," हरदास साहेब खुर्चीवर बसायच्या आतच बोलू लागले. "मी पण असलाच उद्योग केला होता, नोकरीतून सुटल्यावर. घरचे मला वेड्यात काढतात. म्हटलं, आपल्याच वेडाचा दुसरा माणूस निघाला, तेही एक बाई, आणि एका गाडीच्या अंतरावर! राहवलं नाही. सकाळच्या गाडीनं निघालो."

ताईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती नाव ह्यांचीच, हे त्यांना तिथंच कळलं, मलाही कळलं.

"पाहू का एखादी?"

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. तयार नाव स्टँडवर उलटी होती. हरदास साहेबांनी कानटोपी काढून खिशात ठेवली आणि नाकापासून हात फिरवत मागं गेले. "वा, नाक छान केलंत. माझ्यापेक्षा छान." हात तळावरून सरकत शेपटाकडे गेला आणि थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच आला. तिथं तळव्याएवढा एक उथळ खोलगट भाग होता. मला तो आधी कधी जाणवला नव्हता. त्यांच्या पॅटर्नमध्ये तिथं प्लाय थोडा बसला होता आणि त्यांनी कंटाळा करून तो तसाच सोडला होता, हे नंतर कळलं. साचा असा असतो. तो चांगलं वाईट निवडत नाही, दुसऱ्याच्या चुकाही जशाच्या तशा उचलतो.

हरदास साहेबांनी हात काढून घेतला. ताईंकडे पाहिलं नाही. "पाणी मिळेल का थोडं?" म्हणाले.

पाणी पिऊन ते उगाच शेडमध्ये इकडं तिकडं बघत राहिले. कोपऱ्यात पोत्यांखाली ताईंचा तो पहिला, माशासारखा पॅटर्न पडला होता. त्यांनी पोतं उचललं. "हे कोणाचं?"

"माझं," ताई म्हणाल्या. "फेकाचं हाय."

"फेकू नका. सुरेख आहे हो." त्यांनी वाकून मागच्या बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं. "फक्त मागं वर उचललाय न, तिथं गडबड. वेग घेतला की शेपूट पाण्यात ओढलं जातं आणि नाक उड्या मारतं. मागचा तळ सरळ ठेवायचा. तिथं सुंदर नको."

एवढंच होतं. दोन वाक्यांचं. ताईंनी डोळे मिटले.

हरदास साहेब बर्फीचा डबा स्टुलावर ठेवून निघाले. "बरंय बाई. भेट झाली, छान वाटलं." ते खरंच असे निघाले होते, काही न बोलता. गेटापर्यंत पोचले असतील.

"साहेब, थांबा."

ताईंचा आवाज सगळ्या शेडमध्ये गेला. बिसाहूनं ग्राइंडर बंद केला.

"हा साचा मी तुमच्या नावेवरून काढला. डिझाइन माझं नाई. मी चोरलं."

हरदास साहेब तिथंच उभे राहिले. कोणी पकडलं गेलं असेल तर ते तेच, असं त्यांच्याकडे बघून वाटलं असतं. "कळलं मला, बाई," ते हळूच म्हणाले. "हात लागला तेव्हाच कळलं."

"मंग बोलले कावून नाई?"

"काय बोलायचं?" मग अगदी सहज म्हणाले, "विचारलं असतं तर साचाच पाठवला असता हो. माझ्या गच्चीवर पडलाय. त्यात कबुतरं राहतात."

ह्या वाक्यावर ताई मटकन खाली बसल्या. पुट्टीच्या भुकटीत, फरशीवर, सगळ्या माणसांसमोर. साहेबांनी शिवी दिली असती, पोलिसांत गेले असते, तर त्या उभ्या राहिल्या असत्या असं मला वाटतं. रडल्या नाहीत. दोन्ही हातांनी खाकी शर्टाची कॉलर वर ओढून तोंड झाकत राहिल्या. हरदास साहेब बिचारे गांगरले. "उठा बाई. असं करू नका. अहो, तुम्ही तरी उठवा त्यांना," असं मला म्हणू लागले.

त्याच संध्याकाळी ताईंनी स्वतः ग्राइंडर घेऊन साचा उभा आडवा कापला. सोनीजी धावत आला. "दीदी, पागल हो गई हो? किसको पता चलता?"

"मले पता हाय न."

त्यांचं म्हणणं होतं, पाण्यावर चालताहेत त्या नावांवर हरदासांचं नाव घाला. सोनीजी हसला. त्या बातमीदाराकडे गेल्या, खरं छापा म्हणून. तो म्हणाला, "दीदी, इसमें ख़बर क्या है? सब तो करते हैं." चरोद्याच्या शेजारणींकडे गेल्या. त्यांना काय, कशावरून काय काढलं हे धड समजलंच नाही. त्या म्हणाल्या, चालली न नाव, मग झालं. शेवटी एक दिवस मला घेऊन कॅम्प-1 मध्ये त्या डेकोरेशनवाल्याच्या दुकानात गेल्या. उभ्यानंच त्याला म्हणाल्या, "आपको हाथी लेके भगाया था न मैंने? मैंने भी वही किया है. उससे बुरा किया."

त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मनापासून म्हणाला, "होता है, दीदी. धंधा है."

परतताना ताई स्कूटरवर माझ्या मागं बसल्या होत्या. पुढं वाकून म्हणाल्या, "कोनीच घेऊन नाई राहिलं रे."

"काय, ताई?"

"लाज माझी."

आणि पुढच्याच महिन्यात तो डेकोरेशनवाला हत्ती घेऊन परत आला. त्यामागून कोणी वॉश बेसिन घेऊन, कोणी दुसऱ्या कंपनीचा कूलर घेऊन. "दीदी, अब तो आप निकाल देती हैं न?" त्यात कुचेष्टा नव्हती, हेच वाईट होतं. ताई प्रत्येकाला हात जोडून परत पाठवत, ओरडत नसत. ओरडायचा हक्क गेला असं त्यांना वाटत असावं. उन्हाळा लागायच्या आत त्यांनी शेड बिसाहूला चालवायला दिलं आणि भिलाई सोडली. कुठं जाताय, हे सांगितलं नाही. पुण्याला मुलाकडे गेल्या असतील असं आम्ही धरून चाललो.

मी दुसरीकडे नोकरीला लागलो. पुढं एकदा मालाच्या चौकशीसाठी नागपूरला गेलो असताना हरदास साहेबांचा पत्ता मिळाला. कामठीच्या रस्त्याला, त्यांच्या घरामागच्या आवारात पत्रे टाकलेले होते. आत शिरलो तर ताई. तोच खाकी शर्ट. पॅटर्नवर लांब पट्टीनं घासत होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला पाहून पट्टी थांबली. "गजानन? तू कसा काय रे इकडं?" म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या.

हरदास साहेबांचे हात आता थरथरत होते. ते खुर्चीवर बसून सांगत, ताई करत. त्या वेळी तिथं एक नवं गिऱ्हाईक आलेलं होतं, भंडाऱ्याचा कोणी मासेमारी सोसायटीवाला. हरदास साहेबांनी ओळख करून दिली, "ह्या शकूताई, भिलाईच्या. हात फार चांगला आहे त्यांचा."

"साहेब, पुरं सांगा न," ताई पट्टी खाली ठेवून म्हणाल्या.

"ते काय सांगायचं आता."

"मग मीच सांगतो." ताई त्या परक्या माणसासमोर उभ्या राहिल्या. "ह्या साहेबाईच्या नावेवरून मी चोरून साचा काढला होता. माझं डिझाइन म्हनून शाल घेतली. तुमचं काम मी करनार हाओ, म्हनून तुमाले माहीत पाह्यजे."

तो माणूस छपराकडे, पॅटर्नकडे, चपलांकडे बघू लागला. हरदास साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सांगायची सवय झाली असेल, पण सोपं झालेलं नव्हतं.

"चहा सांगतो," असं म्हणून त्या किटली घेऊन बाहेर पडल्या.

गिऱ्हाईक गेल्यावर हरदास साहेब मला म्हणाले, "कोणीही नवा आला की हेच. पोस्टमनलाही सांगितलं तिनं. मी म्हटलं, बाई, मी विसरलो, तुम्ही पण विसरा. तर म्हणते, तुम्ही विसरू शकता साहेब, ते तुमच्या हातात आहे. माझ्या नाही. तुम्ही जुने आहात, तुम्ही तरी समजवा."

गाडीची वेळ झाली होती. निघालो.

रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी ताई उभ्या होत्या. एका हातात भरलेली किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत. मधून ट्रकमागून ट्रक जात होते. मी हात केला. त्यांचे हात मोकळे नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली, आणि मग टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाकडे वळून त्याला काहीतरी सांगू लागल्या. तो माणूस कप ओठांपाशी तसाच धरून ऐकत होता.